चाळीस किलो सूत घेण्याआधी

(लोणी काळभोर इथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. विणकाम करणाऱ्या गटांनी मागितलं म्हणून वार्तापत्रात देत आहोत. सभेत मध्येच विचारलेले प्रश्न तसेच ठेवले आहेत.)



आजच्या विषयपत्रिकेवर पाचवा विषय एका ओळीचा आहे. विणकाम मशीनसाठी ४० किलो सूत खरेदी करणे. ओळ लहान आहे, रक्कम लहान नाही. ३०० रुपये किलो असा भाव नुसता समजायला धरला तरी १२ हजार रुपये होतात, आणि ते समुदाय गुंतवणूक निधीतून कर्ज म्हणून निघणार. सूत चांगलं निघो की वाईट, हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. म्हणून ठराव लिहायच्या आधी मला थोडा वेळ द्या, असं मी अध्यक्ष ताईंना सांगितलं. काही जणींना वाटतंय की मी उगाच काम लांबवतेय. वाटू दे. ऐकून घ्या आणि मग हात वर करा.

मी शिकले समाजकार्य. मशीनवर तुमचा जसा हात बसलाय तसा माझा नाही. आज जे सांगणार आहे ते तुमच्यातल्याच तिघींनी गेल्या पंधरा दिवसांत विणलेल्या पट्ट्यांवरून, आणि सुताच्या धंद्यात जे हिशोब चालतात त्यांवरून. पट्ट्या सोबत आणल्यात. हातोहात फिरवा, पण ताणून बघू नका. अजून एकदा मोजायच्या आहेत.

आधी हे सूत कुठून आलं ते. आपल्या मशीन आल्या तेव्हापासून आपण लोकर विणतोय, म्हणजे खरं तर ॲक्रिलिक, पण आपण त्याला लोकरच म्हणतो. स्वेटर विकतात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. पुढचे आठ-नऊ महिने मशीनवर चादर टाकलेली असते आणि त्या चादरीवर घरातल्यांचे धुतलेले कपडे. मशीन बसून राहते, कर्ज बसून राहत नाही. सुती झबलं, टोपरं, पायमोजे मात्र बारा महिने विकतात, कारण बाळं बारा महिने जन्माला येतात. हडपसरच्या एका दुकानदाराने १०० झबल्यांची मागणी दिलीय, तीही दुसऱ्या मापाच्या आणखी कपड्यांची आशा दाखवून. इथपर्यंत सगळं चांगलं आहे.

पण लोकर आणि सूत यांचा स्वभाव वेगळा. लोकर ताणते आणि परत येते. एखादा टाका घट्ट पडला, एखादा सैल पडला, तरी ती सांभाळून घेते. सूत ताणत नाही. आपल्या गटाच्या लेखापाल बाईसारखं आहे ते, जे आहे ते वहीत दाखवणार. सुई पुढे येते, कडी उघडते, धागा घेते, मागे जाते. या सगळ्यात धाग्याने थोडं लवावं लागतं. सूत लवलं नाही की कॅरेज जड चालते, टाके निसटतात, आणि जोर केला की सुईची कडी वाकते. ज्यांनी लोकरीच्याच डायलवर सूत लावून बघितलं असेल त्यांना हा अनुभव असेलच. (दोघी-तिघींनी माना हलवल्या.)

आता हे पोतं. व्यापारी म्हणाला, दहा नंबरचं शुद्ध सूत आहे, यंत्रमागाच्या मालातलं उरलेलं, एकगठ्ठा घेतलं तर स्वस्तात देतो. रविवार पेठेत आपण २/२० चं सूत बघितलं होतं, ते किलोमागे बरंच महाग. व्यापाऱ्याचं म्हणणं असं की जाडी दोन्हीची एकच, मग जास्त पैसे कशाला?

आणि गंमत म्हणजे जाडीपुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. सुताचा नंबर म्हणजे काय ते एकदा समजून घेऊ, म्हणजे कोणी नंबर फेकला की आपण गप्प बसणार नाही. ही इंग्रजांच्या वेळची मोजणी आहे. ८४० यार्ड सुताची एक लड. एक पौंड वजनात अशा किती लडी बसतात, तो त्या सुताचा नंबर. दहा लडी बसल्या तर दहा नंबर, वीस बसल्या तर वीस नंबर. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक होतं. पहिल्यांदा ऐकणारीला हे उलटं वाटतं. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. यंत्रं विलायतेची, मोजमापही विलायतेचं. आज आपण किलो आणि मीटर वापरतो, पण सुताच्या पेठेत पौंड आणि यार्ड अजून लपून बसलेत.

२/२० म्हणजे वीस नंबरचे दोन पदर एकमेकांना पीळ देऊन केलेला धागा. वीसचे दोन पदर एकत्र आले की जाडी दहा नंबरची झाली. कोणी २/२० लिहितं, कोणी २०/२, अर्थ एकच. पोत्यातलं सूत मात्र एकपदरी दहा. जाडी तीच, घडण वेगळी. ही घडण लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच येणार आहे.

नंबर घरी तपासता येतो. एका फळीवर अर्ध्या मीटरवर दोन खिळे ठोका. त्यांच्याभोवती सुताचा एक फेरा म्हणजे एक मीटर. न ताणता, न ढिला सोडता १०० फेरे घ्या आणि ती लड सोनाराच्या काट्यावर ठेवा. ५९ ला त्या वजनाच्या ग्रॅमने भागा. जो आकडा येईल तो नंबर. दहा नंबरच्या सुताचे १०० मीटर ५.९ ग्रॅम भरतात. आमच्या लडीचं वजन ६.१ आलं, म्हणजे नंबर साधारण पावणेदहा. चालण्यासारखं. समजा ७ ग्रॅम आलं असतं, तर नंबर साडेआठच्याही खाली गेला असता. म्हणजे किलोमध्ये सूत कमी मीटर मिळालं असतं आणि झबली कमी निघाली असती. आपण विकत वजन घेतो, पण विणतो लांबी. हे विसरून चालत नाही.

वजनातली दुसरी गोष्ट पाण्याची. कापूस हवेतला ओलावा ओढतो. व्यापारात सुती धाग्यात साडेआठ टक्के ओलावा धरायची रीत आहे. कोरड्या १०० किलो सुतामागे साडेआठ किलो पाणी, आणि तेवढं सगळ्यांना मान्य. पण पावसाळ्यात गळक्या गोदामात पडलेलं पोतं त्याहून जास्त पाणी पिऊन बसतं. ४० किलोत चार टक्के पाणी जास्त असलं तरी दीड किलोहून अधिक सुताचे पैसे आपण पाण्याला दिले. म्हणून पोतं आणल्याबरोबर एक कोन तोला, घरात कोरड्या जागी दोन दिवस उघडा ठेवा, पुन्हा तोला. आणि कोनाच्या आतली पुठ्ठ्याची नळी वजनात धरलीय का तेही विचारा. विचारायला लाजू नका. भाजीवाल्याकडे आपण काट्याचा काटा बघतोच की.

तपासायला कोन कुठला घ्यायचा? व्यापारी जो हातात देतो तो नाही. पोतं उघडायला सांगा, हात आत घाला आणि मधला कोन काढा. आम्ही तसाच काढला. तो थोडा नाराज झाला, पण दिला.

एक चाचणी माचिसची. वितभर सूत चिमट्यात धरून पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवा, लेकरं दूर. कापूस कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, आणि मऊ राख उरते, बोटात चुरली की पूड होते. पॉलिस्टर असेल तर ते वितळतं, आखडतं आणि टोकाला कडक मणी धरतो. दोन्ही मिसळलेलं असेल तर राखेत खडे लागतात. पोत्यातलं सूत पूर्ण सुती निघालं. हेही व्यापाऱ्याच्या बाजूने लिहून ठेवा. मला त्याच्यावर डूख धरायचा नाही. तो खोटं बोलत नव्हता, आपल्या कामाचं सूत कोणतं ते ठरवणं त्याचं काम नव्हतं.

(प्रश्न: मग अडचण कशात आहे? शुद्ध आहे, नंबर बरोबर आहे, स्वस्त आहे.)

अडचण पिळात आहे, मावशी. आता करूनच दाखवते. हे पोत्यातलं सूत, हातभर. दोन टोकं धरली आणि हात जवळ आणले. बघा, मधोमध स्वतःभोवती गुंडाळायला लागलं, दावं पिळल्यासारखं. आता हे २/२०. हात जवळ आणले तरी नुसतं खाली लोंबतंय, जेमतेम एखादा वळसा. एकपदरी सुतात पीळ जिवंत असतो, त्याला उलगडायचं असतं. दोन पदरांत एका पिळावर उलटा पीळ दिलेला असतो, म्हणून ते शांत. त्यात मागावर ताणा म्हणून लागणारं सूत तर मुद्दाम घट्ट पिळतात, कारण त्याला मागाचे हिसके सोसायचे असतात. मागावर ते उत्तम. चादर, टॉवेल विणताना उभे-आडवे धागे एकमेकांना धरून ठेवतात, पीळ उलगडायला जागा मिळत नाही. आपल्या विणकामात नुसत्या कड्याच कड्या. प्रत्येक कडी थोडी थोडी वळते आणि सगळं कापड तिरकं जातं. होजिअरीसाठी सूत वेगळं, सैल पिळाचं काततात, ते याच कारणाने.

आता फिरतायत त्या पट्ट्या बघा. एक निळ्या गाठीची, ती पोत्यातल्या सुताची. लाल गाठीची २/२० ची. आपली मशीन २०० सुयांची, दोन सुयांमधलं अंतर साडेचार मिलिमीटर, त्यामुळे दोन्ही वेळा दोन-दोन कोन एकत्र लावून विणलंय. ६० सुया पुढे काढल्या. लोकरीला जो डायल लावतो त्याच्या आसपासचे तीन नंबर घेतले, ५, ६ आणि ७. प्रत्येकावर ६० ओळी, मध्ये एक ओळ वेगळ्या रंगाची. मधल्या ४० टाक्यांच्या दोन्ही बाजूंना रंगीत दोरा बांधला, कारण कडेचे टाके गुंडाळतात आणि खोटं माप देतात. आणि ही भोकं दिसतायत? ती गफलत नाही. डायल ५ वर पाच भोकं, ६ वर सहा. चिठ्ठी लावली तर धुण्यात जाते. भोकं जात नाहीत. ही युक्ती जुन्या विणणाऱ्यांची आहे, मला फार आवडली.

विणताना वहीत काय लिहायचं? कॅरेज कुठल्या डायलवर जड लागली. किती टाके निसटले. धागा फाटून सुई दोन पदरांच्या मध्ये घुसली का. गाठी किती आल्या, आणि कोनात गाठ किती किती मीटरवर आहे. मशीनखाली कापसाची धूळ किती पडली. ही धूळ ब्रशमध्ये आणि सुयांच्या खाचांत बसते, म्हणून सुती काम झालं की मशीन झटकून तेलाचा थेंब द्यायचाच. सूत सुकं चालत असेल तर कोन गुंडाळताना साध्या पांढऱ्या मेणबत्तीवरून धागा ओढून घ्या. आम्ही पट्टीचा अर्धा भाग मेण न लावता आणि अर्धा मेण लावून विणला. फरक कानाला कळतो. कॅरेजचा करकर आवाज जातो.

मशीनवरून काढलेली पट्टी लगेच मोजू नका. वजनं लावून आपण तिला खाली ओढलेलं असतं, ती लांब झालेली असते. रात्रभर टेबलावर सपाट पडू द्या. सकाळी मोजा आणि लिहा. मग धुवा.

शितावरून भाताची परीक्षा आपण सगळ्याच करतो. पण शीत शिजल्यावर दाबून बघतो, तांदूळ दाबून नाही. सुताचं शिजणं म्हणजे धुणं. न धुतलेल्या पट्टीवरून काढलेलं माप म्हणजे कच्चा तांदूळ.

आणि धुवायचं कसं? आपण आपला माल जपून धुतो, गार पाण्यात, हलक्या हाताने. गिऱ्हाईक तसं धुणार नाही. बाळाचं झबलं दिवसाला तीन वेळा बदलतं. ते गरम पाण्यात, मिळेल त्या पावडरीत, मशीनमध्ये नाहीतर दगडावर धुतलं जाणार आणि गच्चीवर उन्हात पडणार. आपणही तसंच धुतलं, तीन वेळा. एक पट्टी बोअरच्या पाण्यात आणि एक पिण्याच्या पाण्यात धुतली, कारण आपल्याकडच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि कापड खरखरीत होतं. दुकानदाराच्या गिऱ्हाइकाकडे पालिकेचं पाणी. आपल्याकडे कडक झालेलं कापड त्यांच्याकडे मऊ राहील, किंवा उलटंही.

आता आकडे. लाल गाठ, डायल ६. ६० ओळींची लांबी धुण्याआधी १६.७ सेंटीमीटर, तीन धुण्यांनंतर १५. रुंदीत जेमतेम फरक. म्हणजे आधी १० सेंटीमीटरला ३६ ओळी होत्या, नंतर ४० झाल्या. आता झबल्याची लांबी हवीय ३० सेंटीमीटर. न धुतलेल्या पट्टीवरून हिशोब केला असता तर १०८ ओळी विणल्या असत्या. मशीनवरून उतरताना झबलं बरोबर ३० भरलं असतं, दुकानदारानेही मोजून घेतलं असतं. घरी तीन धुण्यांनंतर ते २७. तीन सेंटीमीटर म्हणजे बाळाचं पोट उघडं. गिऱ्हाईक दुकानदाराकडे जाणार, दुकानदार आपल्याकडे येणार, आणि तोपर्यंत आपण सगळी शंभर विणून बसलेलो. धुतलेल्या पट्टीवरून ओळी येतात १२०. बारा ओळी जास्त. आणि हो, तेवढं सूतही जास्त. १०८ ओळींना ६० ग्रॅम लागत असेल तर १२० ला ६६-६७ ग्रॅम. हे भाव ठरवतानाच धरायला हवं.

म्हणजे २/२० आटत नाही असं नाही. ते आटतं, पण किती ते कळलं की त्याचा हिशोब करता येतो. निळ्या गाठीची पट्टी बघा. तीही आटली, पण ती चौकोन राहिलीच नाही. वरची कड एकीकडे आणि खालची दुसरीकडे. टेबलाच्या कडेला लावली की तिरकेपणा लगेच दिसतो. झबल्याला असं झालं की बाजूची शिवण फिरून पोटावर येते. याला ओळी वाढवून उपाय नाही. इस्त्री करून सरळ केलं तर पुढच्या धुण्यात पुन्हा तिरकं.

आणखी एक. पोत्यातलं सूत कोरं आहे, रंगाचं नाही, पिवळसर. आपण त्याच्या पट्टीवर पाण्याचा थेंब सोडला तर तो कितीतरी वेळ मोत्यासारखा वर उभा राहिला. कापसाच्या अंगचं मेण असतं, ते काढलेलं नसलं की पाणी शोषलं जात नाही. बाळाच्या अंगावर सुती घालायचं ते घाम टिपावा म्हणून. उभा राहणारा थेंब आपल्या कामाचा नाही. दोन-तीन गरम धुण्यांनी फरक पडतो, पण ती धुणी कोण धुणार आणि त्याची मजुरी कोण देणार?

रंगाच्या सुताची परीक्षा वेगळी. ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा-बारा वेळा घासा. फडक्याला रंग लागला तर ते सूत बाळासाठी नाही, कितीही छान गुलाबी असलं तरी. बाळ बाही चोखतं. शिवाय रंग पक्का आहे म्हणजे तो निर्धोक आहे असं होत नाही. काही अझो रंगांवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे आणि ते घरी ओळखता येत नाहीत. रंगीत सूत घेताना लेखी मागा. मोठी मागणी आली तर मुंबईत तपासण्या होतात, वस्त्र समितीच्या प्रयोगशाळेत किंवा घाटकोपरला 'बिट्रा'त. शंभर झबल्यांसाठी तो खर्च झेपणार नाही, म्हणून माझं मत, पहिली शंभर पांढरी करा, धुऊन शुभ्र केलेल्या तयार सुताची. रंगीत दोऱ्याची एखादी कड नंतर बघू. आणि सगळे कोन एकाच लॉटचे घ्या. कोनावरचा कागद फेकू नका, वहीत चिकटवा. पांढऱ्यातही दोन लॉटचे पांढरे वेगळे असतात.

(प्रश्न: आमच्या गटातल्या काकूंनी या निळ्या पट्टीसारखंच सूत मागच्या महिन्यात विणलं, एक टाका सुटला नाही.)

बरं झालं विचारलंत. मला यावरच जास्त बोलायचं होतं. काकूंचा हात वीस वर्षांचा आहे. सूत अडलं की त्या न बघता डावा हात धाग्यावर ठेवतात, कॅरेज थोडी हळू करतात, वजन सरकवतात. चांगला हात सुताचा दोष झाकतो. मग तेच सूत नवीन शिकलेल्या मुलीकडे जातं, जुन्या मशीनवर, रात्री जेवणं उरकल्यावर, आणि तिचे टाके निसटतात. वहीत काय लिहिलं जातं? हिचं काम खराब. दोष सुताचा, नाव मुलीचं. त्यामुळे आपण पट्ट्या तिघींकडून विणून घेतल्या. एक काकू, एक दोन वर्षं विणणारी, आणि एक सहा महिन्यांपूर्वी शिकलेली, तिला मुद्दाम सगळ्यात जुनी मशीन दिली. काकूंच्या निळ्या पट्टीत शून्य टाके सुटले. शिकाऊ मुलीच्या निळ्या पट्टीत अकरा. तिच्याच हातून, त्याच मशीनवर, लाल पट्टीत दोन. आता सांगा, मुलगी खराब की सूत?

आणि या तिघींचा अर्धा-अर्धा दिवस गेला. त्याची मजुरी ठरावात धरली पाहिजे. तपासणी म्हणजे घरच्या घरी करून टाकायचं काम, असं धरलं की पुढच्या वेळी कोणी करणार नाही, आणि करावंही का? उदाहरणादाखल तिघींचे मिळून ६०० रुपये धरले, तर शंभर झबल्यांवर नगामागे सहा रुपये पडतात. दुकानदाराला सांगायच्या भावात ते घाला. फार वाटत असतील तर १०० झबली परत आल्यावर सूत, मजुरी आणि हप्ता मिळून किती होतात ते लेखापाल ताईंना विचारा. त्यांनी मगाशी मला कागदावर काढून दिलेत, पण तो कागद मी वाचून दाखवत नाही. ज्यांना बघायचाय त्यांनी चहाच्या वेळी बघा.

(प्रश्न: म्हणजे पोतं परत?)

४० किलो तर नकोच. आणि मुळात चाळीस का? शंभर झबली गुणिले ६७ ग्रॅम, पावणेसात किलोही होत नाहीत. पट्ट्या, गाठी, वाया जाणारं धरून ८ किलो. चाळीसचा आकडा आपल्या गरजेतून नाही, त्याच्या पोत्यातून आलाय. स्वस्त म्हणून घेतलेलं ३२ किलो जास्तीचं सूत उंदरांना आणि ओलाव्याला सांभाळत बसायचं.

माझा प्रस्ताव असा. २/२० पांढरं, ८ किलो, एका लॉटचं, रविवार पेठेतून किंवा जिथे बिलावर मिळेल तिथून. पोत्यातल्या सुताचे फक्त ४ किलो, तेही व्यापारी सुटं देणार असेल तर. त्याची भांडी पुसायची फडकी विणून बघू, फडकं तिरकं झालं तर कोणाचं बिघडत नाही. ज्या गटाकडे दोन बेडची मशीन आहे त्यांनी त्याच सुताची रिबमध्ये टोपरी करून बघावीत. रिबमध्ये एक टाका सुलट, एक उलट असल्याने दोन्ही बाजूंचे पीळ एकमेकांना सांभाळतात, तिरकेपणा फार कमी होतो. टोपऱ्याआधी सूत उकळून घ्यायचं आणि थेंबाची चाचणी पुन्हा करायची. थेंब शोषला गेला तरच टोपरी.

दुकानदाराशीही बोलले. त्याला दोन झबली आधी नेऊन द्यायची, एक न धुतलेलं, एक तीनदा धुतलेलं, आणि माप धुतलेल्यावर ठरवायचं. त्याला ही कल्पना नवीन वाटली, पण नाही म्हणाला नाही. हे लेखी घ्यायचं काम सचिव ताईंकडे.

आता ठरावाचं वाचन होईल. त्याआधी नोंद घ्या. पुढच्या गुरुवारी अकरा वाजता ग्रामसंघाच्या खोलीत प्रत्येक विणकाम गटाने आपल्या मशीनवर विणलेली २/२० ची एक पट्टी आणायची. सूत इथून आज घेऊन जा, प्रत्येकी १०० ग्रॅम तोलून ठेवलंय, सही करून न्या. दोन वेगवेगळ्या मशीनवर एकाच डायलला एकच माप येत नाही, त्यामुळे दुसऱ्या गटाची पट्टी बघून आपल्या ओळी ठरवू नका. डायलइतकी भोकं, मध्ये ४० टाक्यांच्या खुणा, तीन धुणी. आणि पट्ट्या पूर्ण वाळवून आणा. मागच्या वेळी दोन ओल्या आल्या होत्या, त्या मोजताच आल्या नाहीत.